गोपीनाथकाकांचे बारा केक

मॅसी आंटींचा हात मोडला तो उजवा, आणि मोडला तोही ऐन डिसेंबरच्या बारा तारखेला. अलीगंजमधल्या त्या जुन्या इमारतीत पाण्याची टाकी फुटली तेव्हाही एवढी खळबळ माजली नव्हती. जो तो जिन्यात थांबून आधी "अरेरे" म्हणत होता आणि मग आवाज खाली आणून विचारत होता, की मग या वर्षी केकचं काय?

तळमजल्यावरच्या मॅसी आंटी सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्यातली मेट्रन काही निवृत्त झाली नव्हती. वरच्या तीन मजल्यांवरची बारा घरं म्हणजे आपला वॉर्डच, असं त्या धरून चालत. तिसऱ्या मजल्यावर मूल खोकलं की खालून आज्ञा सुटे, "गरम पानी पिलाओ उसको!" नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण या इमारतीत आल्यापासून एकेचाळीस वर्षांत एकही नाताळ असा गेला नव्हता, की चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जिने चढून बाराही दारांत एकेक अख्खा केक दिला नाही. नवरा गेला त्या वर्षीही दिला होता. फक्त त्या वर्षी त्या कुणाच्या दारात थांबून बोलल्या नव्हत्या, एवढंच.

हा केक घरी होत नसे. लखनौची जुनी रीत अशी की मैदा, तूप, साखर, अंडी, पेठा, मुरब्बा सगळं घरून घ्यायचं, ओळखीच्या बेकरीत जायचं, आणि आपलं सामान आपल्या डोळ्यांसमोर फेटून घेऊन त्यांच्या भट्टीत भाजून आणायचं. सामान आपलं, भट्टी त्यांची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशा भट्ट्यांपुढे लग्नघरासारखी गर्दी असते. तिथे दिवसभर बसायला चिकाटी लागते आणि नजर लागते. आंटींकडे दोन्ही होतं. हात तेवढा प्लास्टरमध्ये होता.

"आंटी, आप फिकर मत कीजिए. मैं जाऊँगा," असं दुसऱ्या मजल्यावरचा दीनानाथ म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रतिमाने, त्याच्याकडे काळजीने पाहिलं. दीनानाथ रेल्वेच्या संशोधन कार्यालयात इंजिनिअर होता. रुळांमधले साध्या डोळ्यांना न दिसणारे तडे शोधणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मात्र ऑफिसच्या बाहेर त्याला डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीही दिसत नसत.

"अहो, मागच्या महिन्यात दूध आणायला गेलात ते घराच्या किल्ल्या डेअरीत ठेवून आलात."

"ते वेगळं. आंटींसाठी एवढंही करायचं नाही का? स्वरदाचा पहिला दात कुणी पाहिला? आपल्याला दोन दिवसांनी कळलं!"

हे खरंच होतं. नऊ वर्षांपूर्वी कऱ्हाडहून हे जोडपं बदलीवर आलं, तेव्हा त्यांना इथे काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. त्यानंतर झालेली, आता आठ वर्षांची स्वरदा आणि चार वर्षांचा अद्वैत ही दोन्ही मुलं निम्मी वर आणि निम्मी खाली आंटींकडे वाढली. तेव्हा प्रतिमा कबूल झाली.

आंटींनी मात्र दीनानाथची रीतसर मुलाखत घेतली. "सुनो बेटा. अंडे गिन के देना. घी पर नजर रखना. फेंटते वक्त वहीं खड़े रहना, हिलना नहीं. समझे?"

"जी आंटी."

"अपने मिस्टर को भी मैंने कभी नहीं भेजा. वो बहुत सीधे आदमी थे."

हे आपलं कौतुक की अपमान, ते दीनानाथच्या लक्षात आलं नाही. त्याने सगळं डायरीत लिहून घेतलं, क्रमांक घालून. आंटींनी जरा विचार केला आणि स्वरदाला त्याच्यावर सुपरवायझर नेमलं.

चोवीस तारीख नेमकी गुरुवारी आली, आणि तोही मार्गशीर्षातला गुरुवार. प्रतिमाचा उपास. तिने सकाळी न्हाऊन देवीचा कलश मांडला, फुलं घातली, आणि मुलांच्या आंघोळीचं पाणी बघायला गेली. परत येऊन पाहते तर कलशावरच्या नारळाला कापसाची पांढरीशुभ्र दाढी चिकटवलेली.

"अद्वैत! देवीला दाढी?"

"मम्मी, सांता भी तो बैठेगा ना पूजा में," अद्वैत शांतपणे म्हणाला. "बाहर ठंड है."

प्रतिमाने दाढी काढली. नारळाच्या मागे त्याने सोनेरी कागदाची चांदणीही डकवली होती. ती मात्र तिने राहू दिली. देवीला ती बरी दिसत होती.

मग ती खाली आंटींच्या स्वयंपाकघरात सामान भरायला गेली. आंटी दर वर्षी कापडी पिशव्यांतून आणि जुन्या पत्र्याच्या डब्यांतून सामान नेत. प्रतिमाला ते बघवेना. तिने वरून आपले स्टीलचे पाच डबे आणले, घासून लख्ख केलेले, आणि त्यांत मैदा, साखर, तूप, पेठा, मेवा असं एकेक भरलं. अंड्यांना मात्र तिने हात लावला नाही. ती आंटींनी डाव्या हाताने मोजली, चाळीस.

"डबे परत आणा हं. झाकणांसकट," तिने नवऱ्याला बजावलं. मराठी बाई एक वेळ माणूस विसरेल, दिलेला डबा विसरणार नाही.

या डब्यांविषयी थोडं सांगायला हवं. मराठी घरात भांडं आलं की त्यावर नाव कोरलेलं असायचंच. हे पाच डबे प्रतिमाच्या भावाला, प्रथमेशला, त्याच्या मुंजीत मिळाले होते. देणाऱ्या गोपीनाथकाकांचा स्वभाव मोकळा. त्यांनी सर्वांत मोठ्या डब्यावर 'चि. प्रथमेश यास मुंजीनिमित्त सप्रेम भेट' असं सविस्तर कोरून घेतलं होतं, आणि पाचही डब्यांवर ठसठशीत अक्षरांत 'गोपीनाथ काका'. स्वरदाच्या जन्माच्या वेळी माहेरून डिंकाचे लाडू भरून हे डबे लखनौला आले आणि इथलेच झाले. आता रोज हाताळायच्या भांड्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचतं का? प्रतिमा वाचत नव्हती. दीनानाथने तर आठ वर्षं त्यातून लाडू खाल्ले होते आणि त्यावर अक्षरं आहेत हेही त्याला ठाऊक नव्हतं.

अमीनाबादच्या मागच्या गल्लीतल्या भट्टीवर बापलेक रिक्षाने पोचले तेव्हा नऊ वाजले होते, आणि त्यांच्या आधी वीस घरं येऊन बसली होती. मालक नफीसभाई गल्ल्यावर बसून चिठ्ठ्या लिहीत होते.

"किस नाम से, हुजूर?"

"मॅसी आंटी, अलीगंज."

"अरे, मॅसी सिस्टर! उनका हाथ कैसा है? हमारी अम्मी की सुई वही लगाती थीं. तशरीफ रखिए, इंजीनियर साहब."

नफीसभाईंनी सुबक अक्षरांत 'मॅसी' अशी चिठ्ठी लिहिली, तिला मैद्याची खळ लावली, सर्वांत मोठ्या डब्यावर चिकटवली, आणि सगळा संच आत पाठवला. पत्र्याच्या खडबडीत डब्यावर आणि कापडी पिशवीवर अशी चिठ्ठी वर्षानुवर्षं नीट बसत आली होती. प्रतिमाने घासलेल्या स्टीलवर ती काही बसेना. भट्टीच्या दारापर्यंत जाता जाता ती घसरली, जमिनीवर पडली, आणि कुणाच्या तरी चपलेला चिकटून गल्लीत निघून गेली.

आतल्या बुजुर्ग कारागिराने डबे पाहिले. चिठ्ठी नाही. पण मग त्याचं लक्ष कोरीव अक्षरांकडे गेलं आणि त्याची मान कौतुकाने हलली. तीस वर्षांच्या नोकरीत नाव असं खोदवून आणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. "इसको कहते हैं इंतजाम," तो म्हणाला, आणि बाराही साच्यांवर त्याने 'गोपीनाथ काका' असं खडूने लिहिलं.

आणि 'हिलना नहीं' असं डायरीत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेला दीनानाथ कुठे होता? ऑफिसातून फोन आला होता. एक फाइल सापडत नव्हती. भट्टीत आवाज ऐकू येईना म्हणून तो गल्लीत गेला, आणि ती फाइल साहेबांच्याच टेबलावर आहे हे पटवून द्यायला पंचवीस मिनिटं लागली. परत येऊन तो एका परातीशी दक्षपणे उभा राहिला. तूप नीट पडतंय ना ते पाहू लागला.

"भाई साहब," जाड स्वेटर घातलेल्या एक बाई म्हणाल्या, "ये हमारा है."

"सॉरी. और मॅसी का?"

"नंबर आएगा साहब," कारागीर म्हणाला. मॅसी नावाचं काही त्याच्याकडे आलंच नव्हतं, तेव्हा ते यायचं असणार, हे उघड होतं.

दुपारी एक वाजता भट्टीतून असा घमघमाट आला, की रांगेतली सगळी माणसं बोलायची थांबली. जायफळ, सुंठ, संत्र्याची साल, तूप. कारागिराने बारा केक फळीवर मांडले, एकसारखे तपकिरी, वर जरा फुटलेले.

"गोपीनाथ काका!" त्याने पुकारा केला.

कुणी उठलं नाही.

"गोपीनाथ काका! केक तैयार है!"

स्वेटरवाल्या बाईंनी मागच्यांना विचारलं, मागच्यांनी गल्लीत विचारलं. दीनानाथला आपलं गाव सोडून इतक्या लांब कुणी काका आहेत याचंच कौतुक वाटलं. "कोई मराठी लगते हैं," तो नफीसभाईंना म्हणाला आणि स्वतः उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन "गोपीनाथ काका!" अशा तीन हाका मारून आला.

दोन वाजले. दीनानाथ आता मनातून चिडला होता. "कसला बेजबाबदार माणूस आहे," तो स्वरदाला म्हणाला. "एवढं सामान द्यायचं आणि बेपत्ता व्हायचं. घरी पोरं वाट बघत असतील."

"बाबा, हमारा कब आएगा?" बाकावर पेंगत स्वरदाने विचारलं.

"येईल गं. आपलं काम नियमाने चाललंय."

अडीच वाजता एक चित्रा दीदी आल्या. बख्शी का तालाब या गावाच्या पलीकडे त्या तीस अनाथ मुलांचं घर चालवत. दर वर्षी चोवीस तारखेला त्या इथे येत आणि कडा करपलेले, साच्याला चिकटून तुटलेले केक नफीसभाई त्यांना बांधून देत. या वर्षी कारागिरांचा हात इतका बसला होता की तुटले होते फक्त दोन. चित्रा दीदींनी ते दोन घेतले, "कोई बात नहीं, भाई जान" असं हसून म्हणाल्या, आणि तुकडे किती होतील याचा अंदाज घेत उभ्या राहिल्या.

दीनानाथला ते पाहवेना. मनाने तो लोण्याचा माणूस.

"नफीसभाई, ये गोपीनाथ काका तो आते नहीं. इनके केक बच्चों को दे दीजिए. आजच्या दिवशी... मतलब, आज के दिन पुण्य लगेगा उनको."

"किसी की अमानत है, साहब."

"अहो, डेढ घंटे से चिल्ला रहे हैं! आएँ तो मेरा नाम बताइए. मैं समझा लूँगा उनको."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वेटरवाल्या बाईंनी तर इंजीनियर साहबांचे भरल्या डोळ्यांनी आभार मानले. बाराही केक ऑटोत चढले. चित्रा दीदींनी दीनानाथला हात जोडले आणि विचारलं, "बच्चों से किसका नाम कहूँ?"

"गोपीनाथ काका का," दीनानाथ उदारपणे म्हणाला.

साडेतीन वाजता स्वरदा बाकावरून उठली, आळस दिला, आणि हात धुवायला आत गेली. तिथे मोरीजवळ धुऊन पालथे घातलेले पाच डबे होते.

"बाबा," तिने हाक मारली, "हमारा लड्डूवाला डब्बा यहाँ उल्टा क्यों पड़ा है?"

"वो तो गोपीनाथ जी के हैं," कारागीर म्हणाला. "केक गए, पर डब्बे हमने सँभाल के रखे हैं."

दीनानाथने डबा उचलला. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याने तो वाचला. मग त्याने प्रतिमाला फोन लावला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "अगं, गोपीनाथ कोण?"

"अहो, आमचे गोपीनाथकाका! प्रथमेशच्या मुंजीत डबे नव्हते का दिले? का हो? डबे ठीक आहेत ना?"

"डबे ठीक आहेत," दीनानाथ म्हणाला आणि मैद्याच्या पोत्यावर बसला.

स्वरदाला सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं आणि मग तिने भोकाड पसरलं. "आंटी को क्या बोलेंगे? आंटी ने पहली बार किसी को भेजा था!" दीनानाथही नेमका हाच विचार करत होता. एकेचाळीस वर्षं त्या बाईने न चुकता केलं, आणि आपल्या हाती एक दिवस दिलं तर आपण हे केलं.

"घबराइए नहीं," नफीसभाई म्हणाले. स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती म्हणून त्यांचाही चेहरा उतरला होता. "दीदी का नंबर है. अभी लौटा लाएँगे."

दीनानाथने फोन लावला. पलीकडून आधी एकदम तीस आवाज ऐकू आले, मग चित्रा दीदींचा. "हाँ जी! अभी पहुँचे हैं. बच्चे केक के चारों तरफ नाच रहे हैं. साबुत, बिना टूटा केक पहली बार आया है ना! आप कौन, गोपीनाथ काका?"

दीनानाथने फोन कानापासून जरा दूर धरला. स्वरदाकडे पाहिलं. स्वरदा डोळे पुसून मानेने नको, नको म्हणत होती.

"जी," तो म्हणाला. "हम गोपीनाथ. बस, पूछ रहे थे, ठीक से पहुँच गए ना?"

त्याने फोन ठेवला. मग स्वेटरवाल्या बाई उठल्या, आपल्या केकांतला एक उचलला आणि स्वरदाच्या हातात दिला. "सिस्टर मॅसी ने मेरे दोनों बच्चे पैदा करवाए हैं," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे एक म्हातारे गृहस्थ आले, मग दोन बहिणी, मग ज्याला सिस्टर मॅसी कोण हे ठाऊकही नव्हतं असा एक जण. पाऊण तासात बारा केक झाले. एक गोल, एक चौकोनी, एक काळपट, एक पिवळाधमक. कुठलेच दोन सारखे नव्हते.

परतीच्या वाटेवर दीनानाथने तीन वेगवेगळ्या थापा रचल्या आणि स्वरदाने तिन्ही नापास केल्या.

आंटी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी टोपलीवरचा कपडा डाव्या हाताने उचलला, एकदा पाहिलं, एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, "ये बारह घर के बारह केक हैं. इनमें मेरा कौन सा है?"

दीनानाथने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ऑफिसच्या फोनपासून 'हम गोपीनाथ'पर्यंत, काही न लपवता. प्रतिमा जिन्यात उभी राहून ऐकत होती. आंटींनी टोपली पुन्हा झाकली. मग उठल्या, आणि दीनानाथ नकळत एक पाऊल मागे सरला.

"दूसरों का केक मैं अपने नाम से नहीं बाँटूँगी," आंटी म्हणाल्या. "स्वरदा, अद्वैत! जाओ, सब को नीचे बुलाओ. कहना, मॅसी आंटी ऊपर नहीं आ सकती."

पंधरा मिनिटांत बाराही घरं त्या दोन खोल्यांत मावली. मावली म्हणजे काय, निम्मी जिन्यात बसली. एकेचाळीस वर्षं आंटी वर जात होत्या. सगळ्यांनी मिळून खाली यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. याची थोडी लाज सगळ्यांनाच वाटली आणि ती घालवायला सगळे जास्तच मोठ्याने बोलू लागले. बारा केक कापले गेले, बारा चवी फिरल्या. आंटी प्रत्येकाचा कण जिभेवर ठेवून निकाल देत होत्या. "घी में कंजूसी. इसमें सौंफ ज्यादा है. ये अच्छा है, ये किसका है?" अद्वैतने तोंडभर केक घेऊन जाहीर केलं की दर वर्षी असंच करायचं. प्रतिमाचा उपास होता. तिने आपले तुकडे डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि डबा मांडीवर ठेवला.

तेवढ्यात दीनानाथचा फोन वाजला. पलीकडे चित्रा दीदी. "गोपीनाथ काका को धन्यवाद कहना था. बच्चे जिद कर रहे हैं."

आंटींनी डावा हात पुढे केला. दीनानाथने निमूटपणे फोन दिला.

"हाँ," आंटी मेट्रनच्या आवाजात म्हणाल्या. "मैं उनके घर से बोल रही हूँ. धन्यवाद छोड़िए. सच बताइए, मेवा नीचे तो नहीं बैठ गया था?"

पलीकडून चित्रा दीदी हसत म्हणाल्या, "माफ कीजिए, पता ही नहीं चला. काटने तक किसी ने रुकने नहीं दिया. अब तो एक चूरा भी नहीं है देखने को."

आंटींनी फोन खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुणी पाहू नये म्हणून त्या नेहमीपेक्षा जास्त करड्या आवाजात बोलल्या.

"दीनानाथ!"

"जी आंटी."

"अगले साल चौबीस बनेंगे. बारह यहाँ, बारह वहाँ."

"जी. तब तक आपका हाथ एकदम ठीक हो जाएगा," दीनानाथ म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"हाथ का इससे क्या लेना-देना?" आंटी म्हणाल्या. "जाओगे तुम ही."